चादरीचं दुसरं टोक

टाचणीनं आयुष्यात एकाच माणसावर पुरता विश्वास ठेवला, चादरीचं दुसरं टोक धरणाऱ्या बाईवर. बाकी सगळं जग तिच्या लेखी संशयित. दूधवाला पाणी घालतो, डॉक्टर तेच औषध नाव बदलून देतो, भाऊ खोटं बोलताना मान खाजवतो. देवावरसुद्धा तिचा विश्वास एक डोळा उघडा ठेवूनच.

टाचणी हे नाव अर्धं किडकिडीत अंगामुळं पडलं आणि अर्धं जिभेमुळं. संशय मात्र आईकडून आला. आई घरोघरचे कपडे धुवायची. कपडे घेताना ती प्रत्येक खिसा मालकिणीच्या डोळ्यांदेखत उलटा करायची आणि मगच गाठोडं बांधायची. लोक खिशात मुद्दाम काहीतरी ठेवतात, मग चोरीचा आळ घेतात, असं तिचं म्हणणं होतं. असं एकदा झालंही होतं. त्या दिवसापासून आईनं जगाचे खिसे उलटे करायचं व्रतच घेतलं आणि पोरीलाही दिलं.

दहाव्या वर्षी टाचणीनं शाळेत वहीच्या मागच्या पानावर आठ ओळींचं गाणं लिहिलं. गाणं ओल्या कपड्यांचं होतं, वाळत घातलेल्या शर्टाला वारा हात कसे देतो त्याचं. बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "कुठून उतरवलंस?" पोरगी म्हणाली, माझंच आहे. बाई म्हणाल्या, खोटं बोलू नये. वर्गासमोर उभं केलं, आणि धोब्याच्या पोरीला गाणं सुचूच शकत नाही हा धडा सगळ्या वर्गानं पुस्तकाशिवाय शिकला.

तिनं त्या दिवशी कानाला खडा लावला. गाणं पुन्हा कागदावर उतरवायचं नाही. कागद कुणीही उचलतो, डोक्यातलं कोण उचलणार? हा हिशेब तिला पुढं पंचवीस वर्षं बिनचूक वाटला.

सोळाव्या वर्षी ती मोठ्या लॉन्ड्रीत लागली. तीन मजल्यांची इमारत. खाली धुलाई, मधल्या मजल्यावर गरम रोलर आणि घड्यांची टेबलं, वर पॅकिंग. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी ओल्या यायच्या, रोलरमधून कडक होऊन बाहेर पडायच्या, आणि दोन बायका समोरासमोर उभ्या राहून त्यांची घडी घालायच्या. तू दोन कोपरे धर, मी दोन धरते. झटका द्यायचा, ताणायचं, चार पावलं पुढं यायचं, कोन्याला कोना जुळवायचा, पुन्हा मागं सरायचं. दिवसाला शेकड्यांनी चादरी. समोरची बाई चांगली असली तर हे काम नाचासारखं होतं. वाईट असली तर खांदे निखळतात.

रोलरचा आवाज असा की शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथं सगळ्याच बायका ओठांवरून बोलणं ओळखायच्या. नवी बाई महिनाभर बावरलेली असायची, मग तीही शिकायची. मुकादमाची पाठ वळली की वीस जणींचे ओठ सुरू, चकार आवाज नाही, आणि अख्खा मजला हसतोय. बिचाऱ्याला वाटायचं, बायका वाफेनं वेड्या झाल्या.

टाचणीच्या समोर उभी राहायची ती रेडिओ. चार वर्षांनी मोठी, रुंद खांद्यांची. दिवसातून दहा वाक्यं बोलली तर डोक्यावरून पाणी, म्हणून तिचं नाव रेडिओ. कामाला लागल्यापासून ती कानात कापसाचे बोळे घालायची. बायका चिडवायच्या, कानात बोळे आणि तोंडाला कुलूप, हिचा नवरा सुखी असणार. रेडिओ हसायची आणि चादर झटकायची. एकोणीस वर्षं या दोघी एकमेकींकडं चालत आल्या आणि मागं गेल्या. टाचणीचा नवरा बोर्ड रंगवायचा. लग्नाच्या सातव्या वर्षी कामाला म्हणून दुसऱ्या गावी गेला आणि तिथलाच झाला. ही बातमी टाचणीनं भावाआधी रेडिओला सांगितली, चादरीवरून, ओठांनी.

पहिलं गाजलेलं गाणं खिडक्यांचं. मधल्या मजल्यावरच्या खिडक्या मालकानं खिळे ठोकून बंद केल्या होत्या, वारा आला की चादरींवर धूळ बसते म्हणून. बायका चक्कर येऊन पडायला लागल्या. फाटकापुढं सभा झाली. युनियनच्या सेक्रेटरीचं भाषण चाललं होतं आणि लोक जांभया देत होते, तेव्हा टाचणी खोक्यावर चढली आणि गायली. माइक नव्हता. आवाज रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानांत गेला, दुकानदार बाहेर आले. आठवड्यात खिळे निघाले. त्यानंतर तिच्याशिवाय सभा होईना. आजूबाजूच्या गावांतून बोलावणी यायची. सभेत गाऊन झालेली गाणी सेक्रेटरी समोर बसून ऐकायचा, टाइप करायचा, पुस्तिका काढायचा. टाचणी त्याच्याकडून प्रत्येक ओळ तीनदा वाचून घ्यायची. त्यानं एकदा 'बाया'चं 'महिला' केलं होतं. तो दिवस सेक्रेटरी विसरला नाही.

वय वाढलं तसा आवाजही वाढला. ऐकणारे म्हणायचे, बाईचा गळा पिकतोय. एका स्टुडिओत गाणी रेकॉर्ड करायला बोलावलं, तर तिथल्या माणसानं तिला माइकपासून मागं, आणखी मागं, पार दारापर्यंत नेलं. ती घरी येऊन म्हणाली, त्याला माझा आवाज नकोच होता, मालकाचा माणूस असणार. भाऊ मान खाजवत म्हणाला, असेल.

मग आलं घडीचं गाणं. लॉन्ड्रीत एक चाल होती. चादरीवरचा डाग निघाला नाही की ती परत धुवायची नाही, डाग आतल्या बाजूला घेऊन घडी घालायची. वरून कडक, पांढरी, आत कुणाचं तरी रक्त. गिऱ्हाईक ओरडलं की घडी घालणारीवर ठपका. टाचणीनं गाणं केलं:

कोन्याला कोना, काठाला काठ,
डाग तो आत, बाहेर थाट.
घडी घाल बाई, घडी घाल,
घडीत झाकले कुणाचे हाल?

एवढं ती फाटकावर गायली. दुसरं कडवं अजून पक्कं झालं नव्हतं, 'चार पावलं मी, चार तू ये, मधल्या वाटेत भेट गं सये.' ते तिनं फक्त रेडिओला ऐकवलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

एका दुपारी भाऊ लॉन्ड्रीच्या व्हॅनमधून तिला घरी सोडत होता. तो तिथंच ड्रायव्हर होता. ती गाडीतल्या रेडिओच्या तोंडाशी कान लावून बातम्या ऐकत होती, ही तिची सवयच. बातम्यांमध्ये जाहिरात लागली. गोड गळ्याची कुणी बाई गात होती: कोन्याला कोना, काठाला काठ, डाग ना आत, बाहेर थाट. 'तो' काढून 'ना' घातला होता. एका अक्षरानं शिवीची आरती झाली. आणि पुढं, 'चार पावलं आम्ही, चार तुम्ही या, आमच्या लॉन्ड्रीत कपडे द्या.'

टाचणीनं गाडी थांबवायला लावली. पहिल्या कडव्याचं तिला फारसं नवल वाटलं नाही, ते फाटकावर शेकडोंनी ऐकलं होतं. चोर चोरी करणारच. पण चार पावलं? ती ओळ जगात दोनच डोक्यांत होती.

दुसऱ्या दिवशी घड्यांच्या टेबलांवर एकच विनोद फिरत होता, गाणं रेडिओवर लागलं म्हणे, मग रेडिओलाच विचारा. रेडिओ हसली. टाचणीनं ते हसणं बघितलं आणि ती एकोणीस वर्षांतली प्रत्येक चादर मनात उलगडून बघायला लागली.

तरी तिनं घाई केली नाही. आईची लेक होती, आधी सगळ्यांचे खिसे उलटे करायचे ठरवले. भाऊ रोज मालकाच्या ऑफिसात चाव्या द्यायला जातो, त्याच्यापुढं ती कधीतरी गुणगुणली असेल. सेक्रेटरीचं आणि मालकाचं चहापाणी चालतं. आणि रेडिओ. तीन माणसं. तिनं वाफेचं नवं गाणं केलं आणि तिघांना वेगवेगळं दिलं. ओळ अशी होती, 'वाफेत बुडाले वीस चेहरे, मालकाचे कान बहिरे.' भावाला तिनं सांगितलं, मालकाचे कान कोरे. सेक्रेटरीला, मालकाचे कान गोजिरे. तो वैतागला, म्हणाला, टाचणीबाई, कान गोजिरे कसे असतील? ती म्हणाली, उपरोध आहे, तुम्हाला कळायचा नाही. रेडिओला सांगितलं, मालकाचे कान निलाजरे. खरा शब्द तिनं कुणालाच दिला नाही. आता जो शब्द बाहेर येईल, त्याच्या मागून चोर येईल.

आठ दिवस काही झालं नाही. ते आठ दिवस तिनं कसे काढले तिलाच ठाऊक. भावाच्या डब्यात भाजी वाढताना ती त्याच्या मानेकडं बघायची. सेक्रेटरीनं नमस्कार केला तर हा आज एवढा का वाकला, म्हणून विचार. आणि चादरीपलीकडं रेडिओ तशीच, येतेय, जातेय, कोना जुळवतेय. वाईट याचंच वाटत होतं की कोना अजून जुळत होता.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रेडिओ मालकाच्या केबिनमधून बाहेर पडताना तिला दिसली. मधल्या मजल्यावरची बाई केबिनमध्ये जाते ती दोनच कारणांनी, काढून टाकलं तर किंवा चुगली करायची असेल तर. रेडिओला कुणी काढलेलं नव्हतं. सुट्टी संपून चादर हातात आल्यावर टाचणीनं विचारलं, कशाला गेली होतीस? रेडिओ म्हणाली, काम होतं. कसलं? रेडिओनं खांदे उडवले.

झालं. सापळा राहिला बाजूला. टाचणीनं हातातली चादर सोडून दिली, ती जमिनीवर पडली, आणि ती सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशी बोलली, "घरभेदी बाहेरून येत नाही. चादरीचं दुसरं टोक धरून उभा असतो."

वीस जणींचे ओठ मिटले. रेडिओनं पडलेली चादर उचलली, एकटीनंच तिची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि वर पॅकिंगला गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं तिथंच बदली मागून घेतली.

नव्या जोडीदारणीबरोबर टाचणीचे खांदे निखळायला लागले. तरी ती ताठ होती. आपण बरोबर होतो याचं दुःखही माणसाला मिरवता येतं.

पाच-सहा दिवसांनी मुकादम तिच्या समोर गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावत होता. ओठ हलत होते. माणूस काम करताना काहीतरी पुटपुटतो, पण टाचणीनं सवयीनं ओठ वाचले: वाफेत बुडाले वीस चेहरे, मालकाचे कान... आणि तिथं त्याचे ओठ मिटून उघडले. 'ब'ला ओठ मिटतात. कोरे म्हणा, गोजिरे म्हणा, निलाजरे म्हणा, ओठ मिटत नाहीत. हा शब्द तिनं भावाला दिला नव्हता, सेक्रेटरीला नाही, रेडिओलाही नाही.

तिनं त्याला हाताला धरून जिन्यात नेलं, तिथं आवाज कमी होता, आणि विचारलं, कुणी दिलं तुम्हाला हे?

मुकादम घाबरला. त्याला वाटलं, मालकावरचं गाणं म्हणतो म्हणून ही तक्रार करणार. म्हणाला, "बाई, तुम्हीच तर दिवसभर गाता. रोलरच्या वरून ऐकू येतं. खाली धुलाईतले लोकसुद्धा म्हणतात."

ती म्हणाली, मी गात नाही, मनातल्या मनात जुळवते. फार तर पुटपुटते.

मुकादमानं तिच्याकडं विचित्र नजरेनं बघितलं. मग हळूहळू सांगायला लागला. मालकाचा भाचा, जाहिराती करतो तो, दोन दुपारी याच जिन्यात वही घेऊन उभा होता. मुकादमाला वाटलं, बाईंना माहीत असेल, एवढ्या मोठ्यानं गातायत त्या अर्थी ऐकवायचंच असेल. आणि ती रेडिओ केबिनमध्ये आली होती ना, ती कानांवर लावायच्या टोप्या मागायला. घड्यांच्या टेबलांसाठी. म्हणाली, माझे बोळे आहेत, मला नकोत, पण समोरचीचे कान गेलेत, उरलेले तरी वाचवा. मालक हसला. मुकादम शेवटी म्हणाला, तिनं सांगू नका म्हटलं होतं.

टाचणीनं यावरही विश्वास ठेवला नाही. मालकाचा माणूस मालकाचंच बोलणार. घरी आल्यावर तिनं भावाला खाली रस्त्यावर व्हॅनपाशी उभं केलं, आपण दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभी राहिली आणि त्याच्याकडं पाठ करून पुटपुटली. आधी त्यानं कधीच न ऐकलेली ओळ, मग दुसरी, शेवटी एक शिवी. वर आल्यावर भावानं तिन्ही जशीच्या तशी म्हणून दाखवली. शिवी म्हणताना तो जरा लाजला. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाईही लाजलेली दिसत होती.

टाचणी खुर्चीवर बसली. तिनं भावाला दाराकडं तोंड करून बोलायला सांगितलं. त्याची पाठ हलली, खांदे हलले. ऐकू काही आलं नाही.

ओठ वाचता वाचता कान कधी गेले ते तिला कळलंच नव्हतं. कळणार कसं? लॉन्ड्रीत सगळेच समोर तोंड करून बोलतात. गळा पिकत नव्हता, कान सुकत होते, म्हणून आवाज वाढत गेला. आणि कागदावर लिहिलं तर चोरीला जाईल म्हणून जी गाणी तिनं डोक्यात ठेवली, तीच ती तीन मजल्यांना रोज वाटून टाकत होती. काखेत कळसा म्हणतात तो असा. ज्या मालकानं हे कान खाल्ले, त्याच्याच भाच्यानं त्या कानांमुळं सांडलेलं गाणं वेचून नेलं. गिरणी असो, छापखाना असो, लॉन्ड्री असो, कामगाराचं शरीर असं दोनदा लुटलं जातं, आणि दुसऱ्या वेळी त्याला चाल लावून रेडिओवर वाजवतात.

पॅकिंगच्या मजल्यावर जायला तिनं दोन दिवस घेतले. कुणाची माफी मागायची तिला सवय नव्हती, लोकच तिची मागायचे. रेडिओ कागदात टॉवेल गुंडाळत होती. टाचणी समोर उभी राहिली. काय काय बोलायचं ते तिनं ओळीनं जुळवून आणलं होतं, सगळं विसरली आणि म्हणाली, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं. तू माझ्याकडं बघत नसलीस की फाटकाबाहेरही हाक मारून उपयोग नसायचा."

"मग सांगितलं का नाहीस?"

रेडिओनं टॉवेलला चिकटपट्टी लावली. "सांगितलं असतं तर तू गायची थांबली असतीस. आम्हा वीस जणींना दिवसभर काय, रोलर ऐकायचा?"

टाचणी म्हणाली, चुकलं माझं. हे तिनं हळू म्हटलं. पण तिचं हळू म्हणजे किती, ते आता तिलाही ठाऊक होतं. अख्खं पॅकिंग वळून बघायला लागलं. रेडिओ म्हणाली, झालं, सगळ्यांसमोर बोललीस, सगळ्यांसमोर फिटलं. मात्र घड्यांवर ती परत आली नाही. तिच्या खांद्यांना पॅकिंग मानवलं होतं, आणि मनालाही, असं ती स्पष्ट म्हणाली. जखम बुजली तरी त्या हातानं लगेच ओझं उचलवत नाही.

गाण्यावर नाव लावून मिळालं नाही. सेक्रेटरीनं पत्रं लिहिली, मालकानं उत्तर दिलं की असलं गाणं आपल्या माहितीत नाही. मग टाचणीनं दुसरा रस्ता काढला. लॉन्ड्रीची शहरात तीन दुकानं होती, कपडे द्यायची-घ्यायची. सुट्टीच्या दिवशी सकाळी बायका दुकानासमोरच्या फुटपाथवर उभ्या राहून खरं गाणं म्हणणार, 'ना' काढून 'तो' घालून. डाग तो आत. गिऱ्हाइकं आपापली घडी तिथंच उलगडून बघतील, पुढचं त्यांचं ते बघून घेतील.

अडचण एकच होती. दुकानापुढच्या एवढ्याशा गल्लीत टाचणी तिच्या आवाजात गायली तर शब्द फुटतात, नुसता आवाज उरतो. स्टुडिओतल्या माणसानं तिला दारापर्यंत का नेलं, ते तिला आता कळत होतं. शब्द कळले नाहीत तर सगळंच वाया. कुणीतरी समोर उभं राहून किती मोठं, किती हळू ते सांगायला हवं होतं. तिनं भावाचं नाव घेतलं, सेक्रेटरीचं घेतलं. रेडिओचं घेतलं नाही.

त्या सकाळी दुकानासमोर पंधरा-सोळा जणी जमल्या. रेडिओ आली ती सगळ्यांच्या मागून, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि तिनं हात छातीइतका वर धरला. टाचणीनं तिच्याकडं बघून पहिली ओळ घेतली. हात खाली आला. तिनं आवाज उतरवला. हात आणखी खाली.

तेव्हा टाचणीच्या मनात पाल चुकचुकलीच. एवढं हळू? एवढ्यात कुणाला काय ऐकू येणार? ही मागचा सूड तर उगवत नाही? भर रस्त्यात मला मुकी करून दाखवायची तर नाही? रेडिओचा चेहरा नेहमीसारखाच, काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं. दुकानाच्या पायरीवर एक बाई धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन थांबली होती. हात अजून खालीच होता.

टाचणीनं आवाज आणखी खाली आणला, इतका की तिचा तिलाच तो नुसता घशातला थरकाप वाटायला लागला, आणि म्हणाली, डाग तो आत. पायरीवरच्या बाईनं पिशवीतली चादर बाहेर काढली आणि घडी उलगडायला लागली.